नगरचा गांजा आणि सत्तर प्रश्न

अंतरवाली सराटी हे नाव २०२३ साली महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलं ते मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे. या लेखाचा त्या आंदोलनाशी काडीचाही संबंध नाही, आणि या गावात कधी गांजा पिकत होता असंही मला म्हणायचं नाही. मला हवी आहे ती फक्त गावाची जागा. अंबड तालुका, दक्षिणेला गोदावरी, शहागडचा पूल, जवळून जाणारा धुळे-सोलापूर रस्ता. दीडशे वर्षांपूर्वी इथे उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन हैदराबादच्या निजामाची होती. नदीच्या वरच्या अंगाला पैठण, तेही निजामाचं. पण पैठणला नदी ओलांडून शेवगावकडे निघालं की नगर जिल्हा लागायचा, म्हणजे इंग्रजांचा मुंबई इलाखा. माती तीच, पाऊस तोच, गोदाकाठाने नाशिक-त्र्यंबककडे जाणारे बैरागी तेच. कायदे मात्र दोन.

आणि मुंबई इलाख्याला गांजा पुरवणारा मुख्य जिल्हा होता नगर. आजच्या पिढीला हे वाक्य पोलीस ठाण्याच्या रोजनाम्यातलं वाटेल. त्या काळी ते महसुलाच्या अहवालातलं होतं. ज्वारी, बाजरी, हरभरा यांच्यासारखाच गांजाही सरकारी तक्त्यात मांडला जायचा. या पिकाबद्दल आपल्या मुलखातल्या राज्यकर्त्यांनी पुढे पुष्कळ काही ठरवलं: परवाना दिला, कर घेतला, बंदी घातली, तुरुंग दाखवला. ते पिकवणाऱ्या-ओढणाऱ्या लोकांना नीट बसवून प्रश्न मात्र एकदाच विचारले, १८९३-९४ च्या हिवाळ्यात. त्या एका हिवाळ्याची ही हकीकत आहे. पण ती सुरू होते तीनशे वर्षं आधी, एका पोर्तुगीज वैद्यापासून.

गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. वैद्यक हा त्याचा धंदा आणि झाडपाल्याचा त्याला नाद. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती, त्याच्यावर त्याने उपचारही केले. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूपी ग्रंथात एक अख्खं प्रकरण भांगेवर आहे. युरोपी माणसाने भारतातल्या भांगेचं केलेलं हे पहिलं तपशीलवार वर्णन म्हणायला हरकत नाही. त्यात तो सांगतो की गुजरातच्या बहादूरशहाने मार्तिम अफोंसो द सौझा या पोर्तुगीज सरदाराजवळ मन मोकळं केलं होतं: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण हिंडून यावंसं वाटलं, तर मी थोडी भांग खातो. सुलतानाला जहाज लागत नव्हतं.

मला जास्त आवडतो तो दुसरा प्रसंग. ओर्ताबरोबर बालाघाटात, म्हणजे घाटमाथ्यावरच्या निजामशाही मुलखात, एक पोर्तुगीज विदूषक बरेच दिवस राहिला होता. त्याने भांगेच्या पाकाच्या एक-दोन वड्या खाल्ल्या. रात्री त्याला छान तार लागली, बोलणं कळेनासं झालं. मग तो उदास झाला, रडायला लागला, त्याला मळमळायला लागलं. ज्याचं पोट लोकांना हसवण्यावर, तो असा रडत बसला. ओर्ताने हे कसलाही उपदेश न करता लिहून ठेवलं. आपल्या घरच्या नोकरांनाही त्याने विचारलं होतं. त्यांचं म्हणणं, भांग घेतली की कामाचा शीण जाणवत नाही, मन खुशीत राहतं आणि भूक लागते. मालकाने नोकराला विचारून ते जसंच्या तसं टिपून ठेवावं, ही त्या शतकात मोठीच गोष्ट. त्या माणसाच्या वाट्याला पुढे काय आलं पाहा: तो यहुदी धर्म पाळत होता या आरोपावरून, मेल्यानंतर बारा वर्षांनी, १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडं उकरून जाळली. पुस्तक मात्र तोवर लॅटिनमध्ये जाऊन युरोपभर पोचलं होतं.

भांग, गांजा, चरस ही एकाच झाडाची तीन रूपं. भांग म्हणजे पानं. ती वाटून, घोटून दुधात किंवा पाण्यात घ्यायची, नाहीतर तुपा-साखरेत शिजवून तिचं माजून, म्हणजे गोड वड्या, करायचं. चरस म्हणजे झाडाची राळ. तो दख्खनकडे फारसा नव्हताच, यारकंदहून लडाखमार्गे पंजाबात उतरायचा. गांजा म्हणजे मादी झाडाचा तुरा, आणि नगर जिल्ह्याची सगळी करामत या तुऱ्यात होती.

भांगेचं झाड उकिरड्यावरही उगवतं. गांजाला शेतकरी लागतो. पावसाळ्याच्या तोंडाला पेरणी करायची, खत भरपूर द्यायचं, पाऊस सरला की पाणी द्यायचं. झाडं कमरेच्या वर गेली, फुलावर येऊ लागली, की खरं काम सुरू होतं: नर झाडं हुडकून उपटायची. नराच्या पानाच्या बेचक्यात बारीक कळ्यांचे लोंबते घोस दिसतात. मादीला त्याच जागी केसासारखे दोन पांढुरके तंतू फुटतात. हा फरक दिसायला लागल्यापासून नर फुलून पराग उडेपर्यंत मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात रोज सरीसरीने फिरून एकेक झाड वाकवून बघायचं. एक नर राहिला आणि वारा सुटला, तर शेतातल्या माद्या बी धरतात. बी धरलं की तुऱ्यात राळ कमी उतरते, माल हलका पडतो. स्वतःचं शेत साफ ठेवून भागत नाही, शेजाऱ्याचंही साफ असावं लागतं. म्हणून गांजा एकट्यादुकट्याने कधी पिकला नाही. तो गावांच्या झुबक्याने पिकला. बंगालात राजशाहीकडच्या नवगाव पट्ट्यात तर नर ओळखायला पोद्दार नावाचा खास पारखी बोलावून त्याला मेहनताना देत. सरकारला पुढे या पिकावर हात ठेवणं सोपं गेलं, त्याचं अर्धं कारण वाऱ्यात आहे.

थंडी संपता संपता तुरे काढणीला येत. मग खळं. कापलेले शेंडे उन्हात पसरायचे, जरा सुकले की ढीग घालून माणसांनी त्यावर चढायचं आणि एका लयीत पायांनी तुडवायचं. पुन्हा पसरायचं, पुन्हा तुडवायचं. राळेने तुरे एकमेकांना चिकटत आणि चपटी, हिरवट-तपकिरी लादी तयार होई. दख्खनचा गांजा हा असा चपटा. बंगालात चपट्याबरोबर हाताने वळलेला गोल गांजा आणि गळून पडलेला चूरही निघे, आणि तिघांचे भाव वेगळे. मध्य प्रांतात खंडव्याच्या आसपास निमाडात पिकायचा तो खंडव्याचा गांजा. नागपूरकडच्या चिलमींत तो जायचा. पट्ट्यापट्ट्याने माल ओळखणारे लोक होते. आंब्याला देवगड म्हणावं, तसं गांजालाही त्याचं गाव लागलेलं असे. मुंबई बंदरातून माल लंडनच्या औषध बाजारात गेला की तिथले दलाल त्याला ‘ग्वाझा’ म्हणत. डॉ. विल्यम ओशॉनेसी याने १८३९ साली कलकत्त्यात धनुर्वात, आकडी आणि संधिवाताच्या रोग्यांवर या झाडाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून विलायती डॉक्टरांच्या बाटल्यांतही आपला गांजा शिरला होता.

ओढणारे कोण होते? गोसावी, बैरागी, फकीर हे तर होतेच. त्यांच्या धुनीजवळची बैठक पाहिलेल्याला चिलीम भरण्याचा सोहळा ठाऊक असतो. तळहातावर गांजा घेऊन पाण्याचे चार थेंब टाकून अंगठ्याने मळत राहायचं, काड्या आणि बिया वेचून फेकायच्या, थोडी तंबाखू मिसळायची. चिलमीच्या नळीत खडा, त्यावर मसाला, त्यावर निखारा. खालच्या तोंडाला ओलं फडकं, म्हणजे साफी, गुंडाळायची आणि महादेवाचं नाव घेऊन दम मारून चिलीम पुढच्याच्या हाती द्यायची. धुनीजवळ जात विचारली जात नसे आणि एकट्याने ओढायची पद्धत नव्हती. त्यापलीकडे अंगमेहनत करणारे लोक ओढत, दिवसभराचा शीण घालवायला. वरच्या वर्गात शिवरात्रीची, होळीची भांग चालायची. गांजा मात्र हलका समजला जाई. गंजाडी ही शिवीच होती. गोदाकाठच्या वारकऱ्यांना तर माळ घातली की दोन्ही वर्ज्य. एकाच गावात एका पारावर तुळस आणि दुसऱ्यावर चिलीम, असं नांदत होतं. या दोघांनी एकमेकांवर बंदी आणा म्हणून सरकारकडे धाव घेतल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

इंग्रजी अंमलाने यात पैसा पाहिला. मुंबईच्या १८७८ च्या अबकारी कायद्याने मादक पदार्थांचा व्यवहार परवान्याखाली आणला. किरकोळ विक्रीचे मक्ते लिलावात जायचे. ज्याने चढी बोली केली त्याचं दुकान. दारू, ताडी आणि अफूच्या मानाने गांजाचं उत्पन्न किरकोळ, पण ते बिनबोभाट यायचं. हैदराबाद संस्थानचा अबकारी कारभार वेगळा. गांजा चार दिवसांत नासत नाही, त्याची लादी घोंगडीत गुंडाळता येते आणि इंग्रजी मुलूख व संस्थानांची सरहद्द मैलोन्‌मैल उघडी. एका बाजूने कर वाढवला की दुसऱ्या बाजूचा माल आत येणार, हे साधं गणित होतं. संस्थानांचं काय करायचं, हा प्रश्न पुढे कमिशनलाही सोडवत बसावा लागला.

ते कमिशन नेमलं गेलं लंडनमधल्या एका प्रश्नामुळे. विल्यम स्प्रोस्टन केन हा दारूबंदी चळवळीतला खासदार. २ मार्च १८९३ रोजी त्याने पार्लमेंटात बंगालमधल्या गांजाच्या शेतीबद्दल प्रश्न विचारला: लोकांच्या प्रकृतीवर आणि नीतीवर याचा काय परिणाम होतो, याची चौकशी करणार का? अफूविरुद्ध तिकडे रान पेटलेलंच होतं आणि त्याच वर्षी अफूसाठी वेगळं रॉयल कमिशनही नेमलं गेलं. केनच्या मित्रमंडळींना गांजाचा निकाल आधीच ठाऊक होता. सरकारी शिक्का तेवढा हवा होता. हिंदुस्थान सरकारने ३ जुलैला कमिशन नेमलं आणि चौकशी बंगालपुरती न ठेवता साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानची केली.

अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, पंजाबचे महसूल अधिकारी. सभासदांत पंचमहालचे कलेक्टर ओमॅनी हे मुंबई इलाख्याचे; मध्य प्रांताचे फ्रेझर; कलकत्ता मेडिकल कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. वॉर्डन. हिंदी सभासद तीन: ताहीरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय, पंजाबचे कंवर हरनामसिंग आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद. महाराष्ट्रातला एकही हिंदी सभासद नव्हता. ३ ऑगस्ट १८९३ ला कलकत्त्यात पहिली बैठक झाली आणि काही दिवसांत सत्तर प्रश्नांची एक यादी छापून प्रांतोप्रांती रवाना झाली.

ही यादी वाचण्यासारखी आहे. तुमच्या भागात हे झाड आपोआप उगवतं का? त्याला काय म्हणतात? नर झाडं उपटतात का? कोणत्या जातीचे, कोणत्या धंद्याचे लोक ओढतात? एकटे की मिळून? बायका घेतात का? मुलांना देतात का? कोणत्या देवाच्या पूजेत लागतं? आळशी होतो का माणूस? वेडा होतो का? गुन्हा करतो का? बंदी केली तर लोक चिडतील का, आणि मग दारूकडे वळतील का? असं करत करत सत्तर. उत्तरं देणाऱ्यांत मामलेदार होते, सिव्हिल सर्जन होते, मिशनरी, वकील, जमीनदार, वैद्य, हकीम, आणि थोडे गांजाचे शेतकरी, दुकानदार, साधूही. एकूण साक्षीदार ११९३. साहेब आणि अंमलदार त्यात फार, चिलीम ओढणारे कमी, हा दोष उघड आहे. पण ज्याचं त्याला विचारायची निदान पद्धत पडली. कित्येकांनी लिहून दिलं की गांजाने माणसं वेडी होतात. मग कमिशनने उलट विचारलं: तुम्ही पाहिलेला एक वेडा सांगा. तिथे बऱ्याच साक्षीदारांची जीभ अडखळली.

या अहवालातलं सगळ्यात मोलाचं प्रकरण वेड्यांच्या इस्पितळांचं. कुलाबा, पुणे, रत्नागिरीपासून ढाक्यापर्यंत प्रत्येक इस्पितळाच्या नोंदवहीत ‘वेडाचं कारण’ असा एक रकाना होता आणि वर्षानुवर्षं त्यात ‘गांजा’ हा शब्द भरलेला होता. त्यावरून आकडे निघत, आकड्यांवरून अहवाल, अहवालांवरून पार्लमेंटात प्रश्न. कमिशनने ठरवलं की हा रकाना भरतो कोण ते बघू. निघालं असं: रस्त्यावर भटकणारा एखादा वेडा पोलीस शिपाई पकडून आणायचा, त्याच्याबरोबर एक छापील फॉर्म यायचा. त्या माणसाचं गाव माहीत नाही, नातलग माहीत नाहीत, आजार कधीपासून ते माहीत नाही. पण रकाना कोरा ठेवला तर कागद परत येतो. मग शिपायाने किंवा कारकुनाने ‘गांजा’ लिहायचं. डॉक्टर ते उतरवून घ्यायचे. बैराग्याचे कपडे असले तर विचारायलाच नको.

मग कमिशनने १८९२ या एका वर्षात देशभरच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ वेड्यांची प्रकरणं हाती घेतली. त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे गांजा-भांग लिहिलेलं होतं. त्यांच्या गावी माणसं पाठवली, घरच्यांना विचारलं, आधीचे झटके, घराण्यातलं वेड, ताप, अपस्मार सगळं तपासलं. अखेर ९८ जणांच्या बाबतीत गांजाचा काही हात असू शकतो असं ठरलं, आणि त्यांतही इतर कोणतंच कारण नाही असे फक्त ६१ उरले. म्हणजे शंभरातले साडेचार. वेडाचं भूत कागदावरच निम्म्याहून जास्त उतरलं. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी चौकशीने आपल्याच सरकारच्या आकड्यांची अशी चिरफाड केलेली मला दुसरी सापडलेली नाही.

कमिशनसाठी कलकत्त्याला डॉ. कनिंगहॅम यांनी एका माकडाला महिनोन्‌महिने गांजाचा धूर देऊन नंतर त्याचा मेंदू तपासला. धुराने बिघडलेलं काही सापडलं नाही. त्या माकडाला कुणी सत्तर प्रश्न विचारले नाहीत, एवढंच.

६ ऑगस्ट १८९४ ला सिमल्यात अहवाल पुरा झाला. निष्कर्ष थोडक्यात असा: बेताने घेणाऱ्याच्या शरीराला, मनाला किंवा नीतीला सहसा अपाय होत नाही आणि घेणारे बहुतेक बेतानेच घेतात. अति करणाऱ्याला अपाय होतो. त्याचं शरीर खंगतं, आधीच कच्चं असलेलं डोकं बिघडूही शकतं. सरसकट बंदी नको. ती लोकांच्या धर्मभावनेला टोचेल आणि माणसं धोतरा किंवा दारूसारख्या आणखी वाईट गोष्टींकडे वळतील. त्यापेक्षा शेती मोजक्या जागी गोळा करा, परवाना द्या, माल सरकारी गोदामात ठेवा, कर जरा चढा ठेवा, जवळ किती बाळगायचं त्याला मर्यादा घाला. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद यांनी वेगळी टिपणं जोडली. त्यांना हे पटलं नव्हतं. पाच साहेब-सरदारांनी सौम्य बोलावं आणि दोन हिंदी सभासदांनी कडक, हे आजच्या वाचकाला उलटं वाटेल. पण उच्चवर्णीय हिंदी घरांत गांजाबद्दल जी अढी होती ती पाहता नवल नाही. केनच्या गोटात अर्थातच निराशा झाली.

या निकालावर टीका झाली आणि होतेही. सरकारला महसूल सोडायचा नव्हता, म्हणून हवा तो निकाल काढला, असं म्हणणारे इतिहासकार आहेत. महसुलाचा मोह खोटा नाही. पण महसूल वाचवायला वेड्यांची १३४४ प्रकरणं उघडावी लागत नाहीत. दोन पानी ठराव पुरतो. माझं मत असं की कमिशनने साम्राज्याची सोय पाहिली आणि तरीही प्रामाणिकपणे मोजदाद केली. दोन्ही एकदम होऊ शकतं.

नगरच्या शेतकऱ्याला याचा अर्थ एवढाच कळला की आता परवानगीशिवाय तुरा उभा राहणार नाही. पीक ठराविक गावांत, वजन सरकारी काट्यावर, माल सरकारी कुलपात. राजशाहीकडे १९१७ साली गांजा उत्पादकांनी सहकारी संस्था काढली आणि तिच्या नफ्यातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले. इकडे तसं काही उभं राहिलं नाही. सहकाराचा जिल्हा म्हणून नगर पुढे गाजला तो उसावर.

पुढचे निर्णय तर फारच लांब झाले. १९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या प्रतिनिधीच्या आग्रहाने ‘इंडियन हेम्प’, म्हणजे हेच झाड, अफू-कोकेनच्या पंगतीला बसवलं गेलं. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला आणि गांजा-भांगही त्याच्या कक्षेत आली. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात विलीन झालं होतं. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे मुंबईचा कायदा गोदावरीच्या अलीकडेही लागू झाला. पैठण आणि शेवगाव यांच्यातली सरहद्द पुसली गेली. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारात भारताने पारंपरिक वापर थांबवायला पंचवीस वर्षांची मुदत घेतली. पानं वगळली गेली म्हणून भांग त्यातून सुटली. मुदत संपायला आली तशी १९८५ मध्ये संसदेने अंमली पदार्थांचा कायदा केला आणि त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरला तो लागू झाला. आज त्याखाली गांजाचं झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी; वीस किलोंच्या वर गांजा सापडला तर दहा ते वीस वर्षं. शेतमालकाने, सरपंचाने, गावकामगाराने खबर दिली पाहिजे, नाही दिली तर तोही गुन्हा. या वेळी सत्तर प्रश्न सोडा, सातही कुणी विचारले नाहीत.

याच काळात परदेशात एक उलटी गोष्ट घडत होती. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी मंडळी हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर, मनालीत, केरळात येऊन गेली आणि खिशात बी घेऊन गेली. कॅलिफोर्निया आणि ॲम्स्टरडॅममध्ये त्या बियांचे संकर झाले, त्यांना नावं मिळाली, बक्षिसं मिळाली. बिनबियांचा तुरा हा तिकडच्या बागायतदारांना मोठा शोध वाटला. डेव्हिड प्रेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने बंगालच्या गांजाशेतीवर १८९३ साली लिहिलेल्या अहवालात नर उपटायची रीत सविस्तर दिलेली आहे आणि तेव्हाही ती जुनीच होती. तिकडच्या दुकानांत आता ‘सटायव्हा’ आणि ‘इंडिका’ असे दोन कप्पे असतात. लामार्कने १७८५ मध्ये ‘इंडिका’ हे नाव भारतातून गेलेल्या नमुन्यावरून ठेवलं होतं. आजच्या दुकानदारीत मात्र रुंद पानांच्या अफगाणी बुटक्या झाडाला इंडिका म्हणतात आणि दख्खनच्या उंच, बारीक पानांच्या झाडाला सटायव्हाच्या कप्प्यात टाकतात.

आणि नगरचा, खंडव्याचा वाण? शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या माद्या निवडून, थोडं बी राखून घडवलेली ती झाडं होती. परवाना गेला तसं बी राखण्याचं कारणही गेलं. अंतरवालीहून दोन तासांच्या आत जालना येतं, देशातल्या बियाणे धंद्याचं मोठं ठाणं. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे महिको काढली आणि १९९८ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळवलं. कापूस, ज्वारी, बाजरी, भेंडी, वांगी यांचे वाण त्या गावाने सांभाळले, सुधारले, विकले. गांजाच्या वाणाचं नाव तिथे कुणी काढणार नाही, आणि कायदा पाहता काढूही नये. आज जे चोरून तूर-कपाशीच्या ओळींत लावलं जातं आणि अधूनमधून पोलिसांच्या फोटोत दिसतं, त्याचा नगरच्या जुन्या वाणाशी काही संबंध उरला आहे का, हे कुठल्याच पंचनाम्यात लिहीत नाहीत. तिथे फक्त झाडांची संख्या आणि वजन असतं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला: कुठल्याच पिकाला भाव नाही, तेव्हा दोन एकरांवर गांजा लावायची परवानगी द्या. पोलिसांनी हा प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. असेलही. पण त्या अर्जाचा मजकूर शंभर वर्षांपूर्वीच्या नगरच्या शेतकऱ्याला विनोदी वाटला नसता. १९८५ च्या कायद्याचं दहावं कलम राज्य सरकारला वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी या झाडाच्या शेतीला परवाने द्यायची मुभा देतं. चौदावं कलम धागा आणि बियांसाठीच्या लागवडीचं आहे. उत्तराखंडाने २०१८ पासून धाग्याच्या लागवडीला वाट करून दिली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंमली पदार्थ आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं.

मी गांजा खुला करा म्हणणाऱ्यांतला नाही. कोवळ्या वयात चिलीम हाती आलेल्या पोरांचं काय होतं ते खेड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही, आणि आजचा माल १८९३ च्या मालापेक्षा पुष्कळदा जहाल असतो. माझी मागणी लहान आहे. १८९४ च्या अहवालाचे सात खंड आता संगणकावर कुणालाही फुकट वाचता येतात. मुंबई इलाखा आणि वऱ्हाडातल्या साक्षी त्यात आहेत: आपल्याच मामलेदारांच्या, वैद्यांच्या, शेतकऱ्यांच्या, इंग्रजीत अडकून पडलेल्या. एखाद्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाने त्या मराठीत आणाव्यात. बंदी ठेवायची की ढिली करायची, हे ठरवणाऱ्या आमदारांनी आधी त्या वाचाव्यात, मग हात वर करावा.